मी पिवळा पडलो नव्हतो

माझ्या उजव्या कोपऱ्यात मसुराच्या दाण्याएवढा एक टवका उडालेला आहे. त्याच्या मध्यभागी काळा पत्रा दिसतो. पत्र्याभोवती गंजाचे तपकिरी कडे आहे आणि कड्याबाहेर लगेच पांढरा रंग सुरू होतो. काळा, तपकिरी, पांढरा. यांच्यामध्ये पिवळा कुठेही नाही. हे मी मुद्दाम आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्यावर बरीच वर्षे पिवळेपणाचा आळ होता.

मित्रांनो, मी एक जुना इनॅमलचा ट्रे आहे. इनॅमल म्हणजे पत्र्याला फासलेला रंग नव्हे. पत्र्यावर काचेची बारीक पूड पसरतात आणि तो भट्टीत घालतात. पूड वितळते, पत्र्याला घट्ट धरते आणि थंड झाली की तिचा पांढराशुभ्र, गुळगुळीत थर होतो. रंग उन्हाने विटतो. काच विटत नाही. कारखान्यातून बाहेर पडताना मला एवढीच एक गोष्ट स्वतःबद्दल ठाऊक होती आणि ती मला आयुष्यभर पुरली.

माझा जन्म चित्रांसाठी झाला नव्हता. माझी पहिली नोकरी वनस्पतिशास्त्राच्या एका प्रयोगशाळेत होती. माझ्यावर फुले उलगडली जात. पाकळ्या एका बाजूला, पुंकेसर दुसऱ्या बाजूला आणि मधोमध उभा चिरलेला बीजांडकोश. पांढऱ्या पृष्ठभागावर बारीक केससुद्धा स्पष्ट दिसतो, म्हणून तिथे माझ्यासारख्यांना मान होता. त्या प्रयोगशाळेच्या खिडकीशी एक तरुण बाई बसत. त्या वनस्पतिशास्त्र शिकलेल्या होत्या आणि विभागाच्या ग्रंथांसाठी झाडांची चित्रे काढत. पान माझ्यावर ठेवायचे, भिंगातून पाहायचे, शिरा मोजायच्या आणि मग कागदावर उतरवायचे, असे त्यांचे काम चाले.

एकदा त्यांनी एका पानाचे चित्र काढले. पानाला अळीने पाडलेले भोक होते, ते चित्रातही आले. विभागप्रमुखांनी चष्मा वर करून पाहिले.

"बाई, हे भोक बुजवा."

"सर, पानाला आहे ते."

"या पानाला आहे. आपण या पानाचं चित्र काढत नाही, जातीचं काढतो. जातीला भोक नसतं."

सरांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. बाईंनी भोक बुजवले. पण त्या दिवशी प्रयोगशाळा सुटल्यावर त्यांनी ते पान रुमालात गुंडाळून घरी नेले आणि भोकासकट पुन्हा रंगवले. ज्या चित्रांनी त्यांना पुढे नाव मिळवून दिले, त्यांतले हे पहिले. जातीचे चित्र पोटासाठी आणि त्या एका पानाचे चित्र स्वतःसाठी, असे बरेच दिवस चालले.

पुढे एका विद्यार्थिनीच्या हातून सूक्ष्मदर्शक निसटला आणि त्याचा पाय माझ्या कोपऱ्यावर आदळला. टवका उडाला. गंज फुलात उतरेल म्हणून मला भंगारात काढले. बाईंनी मला मागून घेतले.

घरी त्यांचे यजमान दारातच उभे होते. ते शाळेत भूगोल शिकवत.

"भाजी आणायला सांगितली होती," ते म्हणाले.

"भाजी ठेवायलाच आणलाय," बाई म्हणाल्या आणि मला थेट आपल्या टेबलावर नेऊन ठेवले. भाजी माझ्यात कधीच पडली नाही.

मी पॅलेट झालो. डाव्या कडेला पिवळे, उजव्या कडेला निळे, वरच्या बाजूला थोडा लाल आणि मधली सगळी जागा हिरव्यासाठी मोकळी. बाईंच्या घरात हिरव्या रंगाची ट्यूब कधीच नव्हती. "हिरवा विकत मिळत नाही, तो करावा लागतो," असे त्या शिकायला येणाऱ्या मुलींना सांगत. कोवळ्या पानाला पिवळा जास्त, सावलीतल्या पानाला निळा जास्त, धुळकट पानाला लालाचा एक ठिपका. संध्याकाळी माझ्यावर जेवढे हिरवे वाळलेले असत तेवढे एका झाडावरही सापडणार नाहीत, असे मला वाटे. हा माझा गर्व असेल, पण अगदीच खोटा नसावा.

बाई समोर पाहून रंगवत. घडीची खुर्ची घेऊन बाहेर जायचे, मला मांडीवर घ्यायचे, फांदीतले एक पान निवडायचे आणि ते वाऱ्याने हलू नये म्हणून दोऱ्याने हलकेच बांधायचे. ऊन सरकले की थांबायचे. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा तिथेच.

त्यांचे पहिले प्रदर्शन भरले तेव्हा लोक भिंतीजवळ जात आणि माघारी फिरत. सगळीच पाने खाल्लेली, डागाळलेली, कडा करपलेली. "ताजी पानं मिळाली नाहीत का?" असे एका गृहस्थांनी खरोखर काळजीने विचारले. शेवटच्या दिवशी एक दातांचे डॉक्टर आले. सगळ्यांत जास्त भोके असलेल्या पानासमोर ते कितीतरी वेळ उभे होते.

"हे मला हवं," ते म्हणाले. "माझ्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत लावतो. वाट बघणाऱ्यांना कळू दे, वेळेवर आलं नाही की काय होतं."

किडलेले पान किडलेल्या दातांच्या सोबतीला गेले आणि बाईंचा जम बसला. दवाखान्यात बसून बसून ते पान शेकडो लोकांनी पाहिले. कुणी बाईंचा पत्ता विचारला, कुणी स्वतःच्या अंगणातले झाड काढून मागितले. पुस्तकांची मुखपृष्ठे आली. बाईंनी प्रयोगशाळेची नोकरी सोडली. एका मासिकात माझा फोटोही छापून आला, वाळलेल्या हिरव्यांसकट, टवक्यासकट. यजमानांनी तो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

याच घरात बाईंची लेक मोठी झाली. माझ्या कडेवर तिने पहिला रंग चाखला आणि त्याबद्दल मारही खाल्ला. तिने ब्रश हातात घेतला नाही, करवत घेतली. घराच्या खालच्या मजल्यावर तिने फ्रेम करण्याचे दुकान टाकले. आईची सगळी चित्रे तीच चौकटीत बसवते.

चांगले चालले होते. मग बाईंचे गुडघे कुरकुरू लागले. घडीच्या खुर्चीतून उठताना त्यांना झाडाचाच आधार घ्यावा लागे. हळूहळू बाहेर जाणे थांबले. खुर्ची माळ्यावर गेली आणि बाई खोलीत बसून आठवणीतून झाडे रंगवू लागल्या. त्याच सुमाराला घरात पिवळेपणा शिरला.

सुरुवात दिव्यापासून झाली. "हा बल्ब पिवळा आहे," बाई म्हणाल्या. यजमानांनी बदलला. मग कागद पिवळा निघाला. मग लेकीच्या दुकानातला पुठ्ठा. चित्र आणि चौकट यांच्यामध्ये पांढऱ्या पुठ्ठ्याची पट्टी बसवतात, ती बाईंनी परत पाठवली.

"आई, हा पांढरा आहे."

"साईसारखा आहे. पांढरा कसा असतो ते मला शिकवू नकोस."

शेवटी त्यांची नजर माझ्यावर खिळली.

"ट्रे पिवळा पडलाय. म्हणून माझे रंग चुकतायत."

मित्रांनो, तोंड नसलेल्या वस्तूचे हेच दुःख असते. मला सांगता आले असते तर मी म्हटले असते, बाई, मी काच आहे. पण मला सांगता येत नव्हते आणि बाईंच्या हातात घासणी होती. भांड्यांच्या पावडरीने मला घासले. लिंबाने घासले. यजमानांच्या सल्ल्याने टूथपेस्टनेही घासले आणि पुढचा आठवडाभर मला त्या दातांच्या डॉक्टरांच्या खोलीसारखा वास येत होता. इतक्या घासण्याने माझी चकाकी कमी झाली, रंग मात्र होता तोच राहिला. बाईंना मी आहे तसाच पिवळा दिसत राहिलो.

त्यांनी रंगांच्या दुकानातून चिनी मातीचे नवे पॅलेट मागवले. तेही पिवळट निघाले. परत केले. दुसरे आले, तेही गेले. तिसऱ्या वेळी दुकानदार स्वतः घरी आला.

"बाई, याहून पांढरं आमच्याकडे नाही. आता दूधवाल्याला विचारून बघा."

बाईंनी ते तिसरे ठेवून घेतले. मला बाल्कनीत नेऊन एका कुंडीखाली सरकवले. झाडाला घातलेले जास्तीचे पाणी माझ्यात झिरपे. टवक्याभोवतीचा गंज तिथेच रुंदावला. कुंडीतल्या झाडाचा मला राग नव्हता. पण ज्याच्यावर हिरवा तयार होत असे, त्याने हिरव्याच्या पायाखाली चिखल झेलत राहावे, याचे वाईट वाटे.

बाल्कनीचे दार उघडे असायचे, म्हणून घरातले सगळे मला ऐकू येई. बाईंच्या नव्या चित्रांचे फार कौतुक होत होते. ती चित्रे निळी होती. झाडे निळी, गवत निळे, पिकायला लागलेली पानेसुद्धा निळसर. चित्रदालनाचे मालक एक हळू आवाजाचे गृहस्थ होते. ते चहा पिता पिता म्हणाले, "हा तुमचा निळा काळ. आपण तुमच्या सगळ्या वर्षांचं मोठं प्रदर्शन करू, आणि दारातच हा निळा काळ लावू. नावही तेच देऊ. चालेल ना?"

"बघू," बाई म्हणाल्या.

ते गेल्यावर यजमान म्हणाले, "आमच्या नकाशात एवढ्या निळ्याला समुद्र म्हणतात."

बाई हसल्या नाहीत. "मला ती हिरवीच दिसतात," त्या इतक्या हळू म्हणाल्या की ते बहुधा फक्त बाल्कनीत ऐकू आले.

त्यानंतर लेक त्यांना चष्म्याचा नंबर बदलायला म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. परत आल्यावर सगळे जेवायला बसले.

"काय म्हणाल्या डॉक्टर?" यजमानांनी विचारले.

"विशेष नाही. मोतीबिंदू आहे. अजून पिकला नाही."

"असं त्या म्हणाल्या नाहीत," लेक म्हणाली. "त्या म्हणाल्या, पिकायची वाट बघायचे दिवस गेले. कामात अडचण येत असेल तर लगेच काढून टाका. आई, पिकायला तो काय केळं आहे?"

"केळं असतं तर तुझ्या बाबांनी ठेवलं असतं का?"

तिघेही हसले. त्या हसण्यात विषय वाहून गेला. बाईंना तो जायलाच हवा होता, हे मला नंतर कळले. त्या दिवसापासून 'अजून पिकला नाही' हे त्यांचे पालुपद झाले. शेजारणीला तेच, शिकायला येणाऱ्या मुलींना तेच. ज्या बाईंनी आयुष्यभर पान पिकताना पाहिले, हिरव्यातून पिवळा नेमका कुठून शिरतो ते शिरेशिरेने रंगवले, त्यांनीच या एका शब्दाचा आडोसा घेतला होता.

एका सकाळी बाई झाडाला पाणी घालायला आल्या. कुंडीतले एक पान गळून माझ्या कडेवर पडले होते. अर्धे हिरवे, अर्धे पिवळे. बाईंना राहवले नाही. त्यांनी स्टूल ओढले, कागद आणि रंग आणले आणि बऱ्याच दिवसांनी समोर पाहून रंगवायला बसल्या. चित्र उत्तम उतरले. हिरवा हिरव्याच्या जागी, पिवळा पिवळ्याच्या जागी, निळेपणाचा मागमूस नाही. त्यांच्या भुवया आक्रसल्या. हे बरोबर कसे आले, असा प्रश्न त्यांना पडलेला दिसत होता. एरवी माणसे चुकले की विचार करतात. त्या शास्त्र शिकलेल्या होत्या, बरोबर आले तरी विचार करत.

इतक्यात ऊन वर आले आणि त्यांच्या उजव्या डोळ्यावर पडले. तो डोळा हल्ली उन्हाने फार दिपत असे. त्यांनी त्यावर हात धरला आणि सहज माझ्याकडे पाहिले.

मग हात काढला. पुन्हा पाहिले. हात डाव्या डोळ्यावर धरला. पुन्हा उजव्यावर. प्रयोगशाळेत एखादे निरीक्षण पक्के करायचे असले की त्या असेच पुन्हा पुन्हा करून पाहत. डाव्या डोळ्याने मी पांढरा होतो, पुरता नसलो तरी बराचसा. उजव्याने पिवळा होतो. एकच ट्रे, एकच ऊन, डोळे दोन.

समोर पान असले की पान आणि कागद दोन्ही मोतीबिंदूच्या त्याच पिवळ्या पडद्यातून दिसत, म्हणून रंग जुळत. आठवणीतल्या पानावर मात्र पडदा नव्हता. कागदावरचा हिरवा आठवणीतल्या हिरव्यासारखा दिसेपर्यंत बाई त्यात निळा घालत राहत, आणि निळा जास्त होई. त्यांना सगळे उलगडले, हे मला त्यांच्या हातावरून कळले. ब्रश त्यांच्या हातात तसाच राहिला आणि त्याच्या टोकावरचा थेंब माझ्यावर पडला.

त्यांनी कुंडी बाजूला केली. मला आत नेले आणि कोमट पाण्यात नुसत्या बोटांनी धुतले. घासणीला हात लावला नाही. टवक्याभोवतीचा गंज पुसून तिथे तेलाचे बोट फिरवले आणि मला टेबलावर माझ्या जुन्या जागी ठेवले. मित्रांनो, निर्दोष सुटलेल्या माणसाला काय वाटत असेल ते मला त्या दिवशी कळले. माझ्या अंगावरचे कुंडीपेक्षा कितीतरी जड असे काहीतरी उतरले.

"हा परत आला?" यजमानांनी विचारले. "पिवळा होता ना?"

"असू दे," बाई म्हणाल्या.

बस, एवढेच. मला सुटका मिळाली होती, बाईंना नाही. त्यांना आता सगळे ठाऊक होते आणि त्या कुणाला काही सांगत नव्हत्या. डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद पुस्तकात खूण म्हणून घातलेला होता. तो दर दिवशी पुढच्या पानावर जात होता, दवाखान्यात जात नव्हता.

प्रदर्शनाची चित्रे दालनात जायची वेळ जवळ आली. सकाळी दालनाच्या मालकांचा फोन आला. दारावरचे नाव आज छापायला द्यायचे होते. 'निळा काळ' चालेल की नाही, एवढेच त्यांना हवे होते. "दुपारी सांगते," बाई म्हणाल्या. त्यांनी मला काखेत घेतले, कठड्याला धरत जिना उतरल्या आणि लेकीच्या दुकानात आल्या. दुकानात लाकडाच्या भुशाचा आणि सरसाचा वास होता. यजमान एका कोपऱ्यात दोरी गुंडाळत बसले होते.

लेकीने दोन चित्रे भिंतीशी टेकवून शेजारी शेजारी उभी केली होती. एकाच झाडाची एकच फांदी. एक चित्र जुने, घडीच्या खुर्चीत बसून काढलेले. दुसरे अलीकडचे, खोलीत बसून काढलेले. तिने नुसते बाजूला होऊन आईला जागा दिली.

यजमानांनीच तोंड उघडले. "ही दुसरी फांदी जरा गारठल्यासारखी वाटते."

"बाबा," लेक म्हणाली.

"मी वाईट म्हणत नाही. मला आवडते ती. उन्हाळ्यात बघायला बरी."

बाई स्टुलावर बसल्या. मला मांडीवर घेतले. पांढऱ्या पुठ्ठ्याचा एक तुकडा जमिनीवरून उचलून माझ्यावर ठेवला. मग उजव्या डोळ्यावर हात धरून आधी आम्हा दोघांकडे पाहिले आणि नंतर त्या दोन फांद्यांकडे. बराच वेळ पाहिले. 

मित्रांनो, इथे मला मध्येच एक विनंती करू द्या, नंतर जमणार नाही. तुमच्या घरातली एखादी वस्तू अचानक वाईट दिसायला लागली, तर ती घासायला घेण्याआधी जरा थांबा. आणि घरातले मोठे माणूस म्हणू लागले की हल्ली दिवे मंद येतात, कागद मळके येतात, तर नुसता दिवा बदलून येऊ नका. त्यांच्याजवळ बसा, काय दिसते ते विचारा, आणि त्यांनी विनोद करून विषय टाळला तर हसा, पण पुन्हा विचारा. घासून घासून आम्ही वस्तू झिजतो, आणि ज्याला खरी काळजी हवी असते ते तसेच राहून जाते.

"पुठ्ठा पांढरा आहे," बाई म्हणाल्या. "ट्रेही पांढरा आहे. तो पिवळा पडलाच नव्हता."

लेक हातातला हातोडा ठेवून जवळ आली.

"कधी कळलं तुला?"

"बाल्कनीत बसले होते त्या दिवशी."

"आणि बोलली नाहीस. ऑपरेशनची भीती वाटते का, आई?"

"ऑपरेशनची नाही गं. ते दहा मिनिटांचं काम, मला माहीत आहे. नंतर दिसेल त्याची भीती वाटत होती. इतकी वर्षं केलेलं सगळं चुकीचं दिसलं तर काय करायचं?"

यजमान दोरी टाकून उठले. "आणि आता?"

"आता बघितलं ना, एका डोळ्याने का होईना." त्या पुन्हा निळ्या फांदीकडे वळल्या. "चूक नाही ती. रेषा बरोबर आहे, शिरा बरोबर आहेत. थोडी गारठलीय, हे खरं."

यजमान गालात हसले.

"दालनाच्या मालकांना फोन करून सांग," बाई लेकीला म्हणाल्या, "निळा काळ वगैरे काही नाही. दोन्ही शेजारी शेजारी लावा. एकाखाली लिहा, समोर पाहून. दुसऱ्याखाली लिहा, आठवणीतून. लोकांना कळेल."

"बरं. आणखी कुणाला करू फोन?"

बाईंनी माझ्यावरचा पुठ्ठ्याचा तुकडा उचलला आणि त्याखालच्या जागेवरून, जिथे पूर्वी हिरवा तयार होत असे तिथून, अंगठा हळूच फिरवला.

"डोळ्यांच्या डॉक्टरांना," त्या म्हणाल्या. "सांग त्यांना, पिकलाय. काढून टाकायचा आहे. आधी उजवा."